टोपली तुमची, मग खातं कुणाचं?

आमच्या तालुक्याच्या बाजारात मेथी-कोथिंबीर विकणाऱ्या एक मावशी बसतात. पहाटे चारला उठायचं, भाजी काढायची, जुड्या बांधायच्या आणि मिळेल त्या टेम्पोने बाजार गाठायचा, हा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम. दीड वर्षापूर्वी त्यांच्या टोपलीच्या कडेला क्यूआर कोडचं कार्ड खोचलेलं दिसलं आणि मला फार बरं वाटलं. वीस रुपयांची जुडी घेतली, कोड स्कॅन केला. पडद्यावर नाव आलं ते त्यांच्या मुलाचं. "पैसे आले का हो मावशी?" म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "पोराच्या फोनवर गेलं असतील. किती झालं ते संध्याकाळी सांगतो तो."

पुढे त्यांना चार शेळ्या घ्यायच्या होत्या. कर्जासाठी त्या बँकेत गेल्या. साहेबांनी सहा महिन्यांचा खातेउतारा काढला. त्यात सरकारी योजनेचे हप्ते तेवढे जमा आणि लगेच काढलेले. रोज हजार-बाराशेची भाजी विकणारी बाई, पण बँकेच्या कागदावर तिची कमाई शून्य. मुलाच्या खात्यात मात्र रोज पंचवीस-तीस वेळा पैसे जमा होत होते.

बचत गटांच्या बैठकांत मी डिजिटल व्यवहार शिकवते. तिथे हीच गोष्ट वेगवेगळ्या घरांत पुन्हा पुन्हा दिसते. कष्ट बाईचे, फोन नवऱ्याचा, खातं मुलाचं. म्हणून माझा पहिला आग्रह पैसे देण्याबद्दल नसतोच. किराणा दुकानात फोनवरून पैसे देता आले नाहीत तरी काही बिघडत नाही, रोख द्या. पण तुमच्या कष्टाचा जो पैसा येतो, तो आधी तुमच्या नावाच्या खात्यावर यायला लागू दे. येणारा पैसा खात्यावर स्थिरावला की जाणाऱ्याचं आपोआप जमतं. उलट क्रमाने गेलेल्या बायका महिन्याभरात पुन्हा रोखीवर आलेल्या मी पाहिल्या आहेत, कारण खात्यात काही नसेल तर फोनवरून देणार काय?

आधी खातं तपासा

जनधन योजना 28 ऑगस्ट 2014 रोजी सुरू झाली. आज देशात 56 कोटींहून अधिक जनधन खाती आहेत आणि त्यातली निम्म्याहून जास्त महिलांची आहेत. त्यामुळे "माझं खातंच नाही" असं म्हणणारी बाई आता क्वचित भेटते. भेटते ती "खातं आहे, पण कुठल्या बँकेत ते आठवत नाही" म्हणणारी.

2024 च्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजनेच्या वेळी हे सगळीकडे दिसलं. दीड हजार रुपये जमा झाल्याचं सरकार सांगत होतं आणि बायका पासबुक घेऊन रांगेत उभ्या होत्या. पासबुकात नोंदच नाही. पैसे आले होते, पण दुसऱ्याच बँकेत, आठ-दहा वर्षांपूर्वी एखाद्या शिबिरात उघडलेल्या खात्यात. त्याचं कारण समजून घ्या, पुढे फार उपयोगी पडेल. आधार क्रमांक तुम्ही तीन बँकांत दिलेला असू शकतो. पण आधारच्या आधाराने येणारं सरकारी अनुदान एकाच खात्यात जमा होतं, ज्या खात्याशी राष्ट्रीय पेमेंट महामंडळाच्या यादीत तुमचं आधार जोडलेलं आहे त्या. बँकवाले याला 'आधार सीडिंग' म्हणतात. ओळखीसाठी आधारची झेरॉक्स देणं वेगळं आणि सीडिंग वेगळं. 'आधार लिंक आहे' एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका. शाखेत सरळ विचारा, "माझं आधार अनुदानासाठी कुठल्या बँकेला सीड आहे?" आधारच्या संकेतस्थळावर लॉगिन करूनही हे दिसतं, तिथे बँक सीडिंगची स्थिती पाहण्याची सोय आहे, घरातली शिकणारी मुलगी दोन मिनिटांत काढून देईल. जुन्या खात्याला जोडलेलं असेल आणि ते खातं नको असेल, तर हव्या त्या बँकेत संमतीचा फॉर्म भरून द्या. नवीन जोडणी झाली की जुनी आपोआप सुटते.

दोन वर्षं तुम्ही स्वतःहून काहीच व्यवहार केला नसेल तर बँक खातं निष्क्रिय धरते. ते पुन्हा सुरू करायला बँकेने पैसे घ्यायचे नाहीत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. जनधनची दहा वर्षांपूर्वीची खाती असतील तर केवायसी नव्याने करायची वेळ झालेली असते. त्यासाठी मूळ शाखेतच जायला हवं असं नाही, बँकमित्राकडेही आता ते करता येतं. आणि खात्याला जोडलेला मोबाइल नंबर तुमचा आहे ना, आणि तो चालू आहे ना, हे नक्की बघा. खातं उघडताना दिराचा नंबर दिलेला असतो आणि पुढे तो बंद पडतो. बंद पडलेला नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्या कुणाला देते, मग तुमच्या खात्याचे मेसेज परक्या माणसाच्या फोनवर.

खातं कुठे असावं, हेही लोक विचारतात. आपल्याकडे गावोगाव पतसंस्था आहेत आणि अडीनडीला त्या उपयोगी पडतात, हे मी नाकारत नाही. पण पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. बँकेतल्या ठेवीला, मग ती सहकारी बँक का असेना, 5 लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. रोजची कमाई आणि यूपीआय यासाठी बँकेतलं किंवा पोस्टाच्या पेमेंट्स बँकेतलं खातं घ्या. जिल्हा बँकेत खातं असेल तर तिथे यूपीआय चालतं का, ते आधी विचारून घ्या.

फोन एक, माणसं चार

"घरात एकच मोठा फोन आहे आणि तो ह्यांच्याकडे असतो." बैठकीत हे वाक्य आलं नाही असं होत नाही. त्यावर मार्ग आहे. बहुतेक फोनमध्ये दोन सिम बसतात. तुमच्या नावाचं सिम दुसऱ्या कप्प्यात घाला, तुमच्या नंबरवर वेगळं यूपीआय अ‍ॅप नोंदवा आणि त्याला तुमचं स्वतःचं कुलूप लावा. फोन एकच राहतो, पण खातं आणि पिन तुमचाच. यूपीआय पिन तयार करायला डेबिट कार्ड लागतंच असंही नाही. आधार आणि बँकेला तोच मोबाइल नंबर जोडलेला असेल तर आधारच्या ओटीपीवरही काम होतं.

साधा, बटणांचा फोन असेल तरी चालतं. *99# हा नंबर डायल केला की पडद्यावर मेनू येतो, मराठीतही येतो, आणि त्याला इंटरनेट लागत नाही. एका वेळी 5 हजार रुपयांपर्यंत पाठवता येतात, शिल्लकही बघता येते. 2022 पासून 'यूपीआय 123 पे' नावाची सोयही आहे. ठरलेल्या नंबरवर फोन लावायचा, आवाज सांगेल तसं बटण दाबायचं. तिची मर्यादा 10 हजारांपर्यंत आहे. ज्यांना वाचता येत नाही पण ऐकून कळतं, अशा आजींना मी हीच सोय दाखवते.

पिनबद्दल मात्र मी कडक आहे. 1234 नको, जन्मसाल नको, दाराला लिहिलेला घरक्रमांक नको. पासबुकच्या मागच्या पानावर पिन लिहिणाऱ्या कितीतरी जणी भेटल्या. विसरण्याची भीती वाटणं समजतं. पण पिन विसरला तर पाच मिनिटांत नवा करता येतो, दुसऱ्याच्या हातात गेला तर खातं रिकामं होतं. नवऱ्याला, मुलाला सांगू का, असं विचारतात तेव्हा मी "सांगू नका" असंच उत्तर देते. त्यात अविश्वास कुठे आला? घरातल्या प्रत्येकाचा पिन ज्याचा त्याच्यापाशीच असावा.

"आम्हाला लिहिता येत नाही, हे कसं जमणार?" असं ज्यांना वाटतं त्यांना मी म्हसवडची गोष्ट सांगते. सातारा जिल्ह्यातल्या माणदेशातल्या बायकांनी चेतना सिन्हा यांच्याबरोबर स्वतःची बँक काढायचं ठरवलं. कागदावर सह्यांऐवजी अंगठे होते म्हणून रिझर्व्ह बँकेने पहिल्यांदा परवाना नाकारला. बायका लिहायला-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, आम्ही तोंडी व्याज काढतो, तुम्हीही कॅल्क्युलेटरशिवाय काढून दाखवा. 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. शेकड्याचं व्याज तोंडी करणाऱ्या बाईला फोनवरची चार बटणं अवघड नाहीत. तिला कुणी धीराने दाखवत नाही, एवढीच अडचण असते.

दाखवणाऱ्यांना माझी विनंती आहे. मुलगा असो, सून असो, बँक सखी असो, शिकवताना फोन स्वतःच्या हातात घेऊ नका. तिच्याच बोटाने होऊ द्या, चुकू द्या. पहिल्या दिवशी फक्त शिल्लक बघायची, दुसरं काही नाही. दुसऱ्या दिवशी मुलीला एक रुपया पाठवायचा आणि पडद्यावर नाव काय आलं ते मोठ्याने वाचायचं किंवा वाचून घ्यायचं. पैसे पाठवण्याआधी बँकेत नोंदलेलं नाव आता पडद्यावर दिसतं, त्यामुळे एक आकडा चुकला तरी परकं नाव बघून थांबता येतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी रिचार्ज. असा एक आठवडा गेला की भीती जाते, हा माझा अनुभव आहे. एका दुपारी सगळं शिकवायला गेलात तर संध्याकाळी फोन पुन्हा पोराच्या हातात जाईल.

मजुरीचा पैसा

शेतमजूर, बांधकामावरच्या बायका, घरकाम करणाऱ्या ताई यांचा पैसा अजून हातातच मिळतो. उसतोडीला जाणाऱ्या जोडप्याचं तर काय सांगावं. नवरा-बायको दोघे मिळून एक 'कोयता' धरला जातो आणि मुकादमाकडून उचल घेताना ती नवऱ्याच्या हाती पडते. पाच-सहा महिने तिने मोळ्या वाहिलेल्या असतात, पण कागदावर ती कुठेच नसते. उचल किती घेतली, किती फिटली, हा हिशेब मुकादमाच्या वहीत, आणि वहीबद्दल वाद झाला की मजुराकडे दाखवायला काही नसतं.

उचल खात्यावर घेतली तर तारीख आणि रक्कम बँकेत नोंदली जाते; मुकादमाच्या वहीत काहीही असो, बँकेचा उतारा बदलत नाही. शक्य असेल तिथे ती दोघांच्या खात्यांवर निम्मी-निम्मी मागा. लगेच सगळे ऐकतील असं नाही. पण गावातल्या दहा-बारा जोड्यांनी मिळून मागितली तर मुकादमालाही ती टाळणं जड जातं. घरकाम करणाऱ्या ताईंनी पगार खात्यावर मागण्यात तर काहीच अडचण नाही, समोरचे लोक एरवी सगळं फोनवरच देत असतात. शहरात राहणाऱ्या, हे वाचणाऱ्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती: तुमच्याकडे काम करणाऱ्या ताईंना विचारा, त्यांच्या स्वतःच्या नंबरवर पैसे पाठवा, नवऱ्याच्या नव्हे. आणि त्यांना रोखच हवी असेल तर तीही आनंदाने द्या.

दुकान, हातगाडी, टोपली

क्यूआर कोड घेताना तो कुणाच्या खात्याला जोडला जातोय, हे पहिलं विचारा. गळ्यात ओळखपत्र घालून आलेला पोरगा पाच मिनिटांत कोड लावून जातो, आणि त्या वेळी दुकानात जो असेल त्याचाच नंबर घेतो. मावशींच्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं. खात्यातून यूपीआयने पैसे स्वीकारण्यावर दुकानदाराकडून शुल्क घेता येत नाही, 1 जानेवारी 2020 पासून हा नियम आहे. 'कोडसाठी इतके भरा' असं कुणी म्हणालं तर भरू नका. पैसे आल्यावर बोलणाऱ्या डब्याला मात्र बहुतेक कंपन्या दरमहा भाडं लावतात आणि ते खात्यातून परस्पर कापलं जातं. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी हा डबा फार मोलाचा आहे, जरूर घ्या, फक्त भाडं किती ते आधी ठरवून घ्या.

गर्दीच्या वेळी गिऱ्हाईक फोन पुढे करून "हे बघा, झालं" म्हणतं. त्याच्या पडद्यावरचं हिरवं चिन्ह म्हणजे पैसे आल्याची खात्री नव्हे. तसंच दिसणारी खोटी अ‍ॅप आणि जुने स्क्रीनशॉट वापरून भाजीवाल्यांना गंडवलेलं आहे. डबा बोलला किंवा तुमच्या फोनवर जमा दिसलं, तरच माल हातात द्या. सकाळी दुकान उघडताना आपल्याच कोडवर बोट फिरवून बघा, त्यावर दुसरा कागद चिकटवलेला नाही ना. आणि संध्याकाळी पाच मिनिटं हिशेबाला ठेवा: रोख किती, फोनवर किती. डिजिटल पैसा डोळ्यांना दिसत नाही म्हणून तो खर्चूनही टाकला जातो, ही तक्रार खरी आहे. मोजण्याची सवय तशीच ठेवली तर ती उरत नाही.

शहरातल्या फेरीवाल्यांसाठी पीएम स्वनिधी योजना आहे. 2020 मध्ये ती सुरू झाली, आणि आता पहिलं कर्ज 15 हजार, ते वेळेवर फेडलं की 25 हजार आणि त्यानंतर 50 हजार अशी चढती मांडणी आहे. तारण लागत नाही, आणि डिजिटल पैसे स्वीकारणाऱ्याला कॅशबॅकही मिळतो. नगरपालिकेत चौकशी करा. गावातला व्यवसाय असेल तर मुद्रा योजनेच्या 'शिशु' गटात 50 हजारांपर्यंत विनातारण कर्ज मिळू शकतं. दोन्हीकडे बँकेला एक गोष्ट बघायची असते: तुमच्याकडे पैसा येतो का आणि तो नियमित येतो का. खातेउताऱ्यावर सहा महिने रोज आठशे-हजार दिसले की बोलणंच वेगळं होतं. सावकाराकडे शेकडा पाच-दहाने जाणाऱ्या बाईसाठी हा फरक किती मोठा आहे, ते मी वेगळं सांगायला नको.

बचत गटांत सध्या एक चुकीची सवय पडते आहे. दरमहाची शंभर-दोनशेची बचत सगळ्याजणी अध्यक्षांच्या किंवा सचिवांच्या खासगी यूपीआयवर पाठवतात, "त्या भरतील गटाच्या खात्यात" म्हणून. अध्यक्ष ताई प्रामाणिक असतात, त्याबद्दल शंका नाही. पण त्यांच्या खात्यातून कर्जाचा हप्ता परस्पर कापला गेला, किंवा घरात अचानक दवाखाना निघाला, की गटाचे आणि घरचे पैसे एकमेकांत मिसळतात आणि वर्षानुवर्षांचं नातं तुटतं. असा मोडलेला एक गट मी डोळ्यांनी पाहिला आहे. बचत थेट गटाच्या खात्यावर भरा. खाते क्रमांक आणि शाखेचा कोड टाकून यूपीआयवरूनही पाठवता येते. काढण्यासाठी मात्र दोघींच्या सहीची जुनी पद्धत सोडू नका. ती सोयीची नाही, पण तिच्यामुळेच गट टिकले आहेत.

अंगठा देताना

बँकमित्राकडे किंवा ग्राहक सेवा केंद्रावर अंगठा लावून पैसे काढता येतात, आणि शाखा पंधरा किलोमीटरवर असलेल्या गावात ही मोठी सोय आहे. पोस्टमन घरी येऊनही हे काम करतो. आजारी आणि म्हाताऱ्या माणसांसाठी त्याला बोलवा. पण अंगठा म्हणजे तुमची सही आणि पिन दोन्ही. "उमटला नाही, परत ठेवा" असं म्हणून दोनदा ठसा घ्यायचा, दोनदा पैसे काढायचे आणि एकदाच द्यायचे, असले प्रकार झालेले आहेत. प्रत्येक वेळी पावती मागा, यशस्वी झालेल्याची आणि फसलेल्याचीही. निघण्यापूर्वी शिल्लक विचारा. यंत्राच्या पडद्यावरची रक्कम वाचता येत नसेल तर सातवी-आठवीतलं पोर बरोबर न्या. आधारच्या अ‍ॅपमधून अंगठ्याचे ठसे कुलूपबंद करता येतात आणि लागतील तेव्हा उघडता येतात. ज्या महिन्याला अंगठ्याने पैसे काढायचे नाहीत तेव्हा ते बंदच ठेवा.

खुरपणी-वेचणी करून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, यंत्र त्यांना ओळखत नाही. तुमचं काही चुकलेलं नसतं. दुसरं बोट लावून बघा. पोस्टाच्या पेमेंट्स बँकेने चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय सुरू केली आहे, तिची चौकशी करा.

फसवणूक झाली तर, पैसे अडकले तर

एकच नियम पाठ करा, बाकी विसरलात तरी चालेल: पैसे घेताना पिन कधीच लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे गेले. "अनुदान आलंय, स्वीकारायला पिन टाका", "चुकून तुमच्याकडे दोन हजार आले, हा कोड स्कॅन करून परत करा", "वीज आज रात्री तोडणार, हे अ‍ॅप घ्या" — सगळी सोंगं वेगळी, मागणं एकच. बँक फोनवर ओटीपी विचारत नाही आणि पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत.

पैसे गेलेच तर लाजेने गप्प बसू नका. 1930 या नंबरवर लगेच फोन करा, मग बँकेला कळवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतो. पहिल्या तासा-दोन तासांत कळवलं तर वाटेत अडवता येण्याची आशा असते. तुमची चूक नसताना आणि बँकेचीही नसताना त्रयस्थाने पैसे काढले असतील आणि बँकेचा निरोप मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही तक्रार केली, तर तोटा तुमच्यावर पडत नाही, असं रिझर्व्ह बँकेचं 2017 चं परिपत्रक सांगतं. स्वतःच पिन दिला असेल तर कळवेपर्यंतचा तोटा सोसावा लागतो. म्हणून त्या वेळी तर अधिकच घाई करा.

कधी कधी कुणी फसवत नाही, पण पैसे आपल्याकडून कापले जातात आणि समोर पोचत नाहीत. माणसाला पाठवले असतील तर दुसऱ्या दिवसापर्यंत आणि दुकानात दिले असतील तर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. त्याहून उशीर झाला तर बँकेने रोज 100 रुपये भरपाई द्यायची, असा 2019 पासून नियम आहे. ही भरपाई मागणारे फार थोडे. अर्ज लिहा, पोच घ्या. तीस दिवसांत बँकेने उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याला पैसे पडत नाहीत, वकील लागत नाही. माहितीसाठी 14448 हा नंबर आहे.

रोख टाकून देऊ नका

ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यातलं धसई आठवतं का? नोटाबंदीनंतर डिसेंबर 2016 मध्ये ते राज्यातलं पहिलं रोकडरहित गाव म्हणून गाजलं. दुकानादुकानांत कार्डाची यंत्रं आली, वडापावही कार्डावर मिळतो म्हणून बातम्या झाल्या. पुढच्या वर्षी तिथे पुन्हा गेलेल्या वार्ताहरांना बहुतेक व्यवहार रोखीने चाललेले दिसले. मला यात गावाचा दोष वाटत नाही. आजूबाजूच्या पाड्यांवरून येणाऱ्या गिऱ्हाइकाकडे कार्ड नव्हतं, मजुरी रोख मिळत होती. पैसा गावात ज्या रूपात येतो त्याच रूपात तो फिरतो. दुकानात यंत्र बसवून ते बदलत नाही.

आज परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. ऑगस्ट 2025 मध्ये देशात एका महिन्यात 2 हजार कोटींहून अधिक यूपीआय व्यवहार झाले. तरीही पावसाळ्यात आमच्याकडे दोन-दोन दिवस वीज नसते आणि टॉवर बंद पडतो. घरात तीन-चार दिवसांचा खर्च आणि दवाखान्याच्या वाटखर्चाएवढी रोकड असू द्या. रोज सगळा धंदा खात्यावर घेऊन लगेच सगळा काढूनही आणू नका; थोडी शिल्लक तिथेच राहू द्या. उताऱ्यावर ती दिसते आणि अडचणीला हाताशी असते.

मावशींच्या टोपलीत आता नवं कार्ड आहे आणि त्यावर त्यांचं नाव आहे. मुलाने सुरुवातीला तोंड वाकडं केलं, मग त्यानेच त्यांना शिल्लक बघायला शिकवलं. चार महिन्यांचा उतारा तयार झाला आहे, सहा झाले की त्या पुन्हा बँकेत जाणार आहेत.

तुमच्या दुकानात, गाडीवर किंवा टोपलीत क्यूआर कोड असेल, तर आज संध्याकाळी शेजारणीला त्यावर एक रुपया पाठवायला सांगा आणि पडद्यावर कुणाचं नाव येतं ते बघा.